एलिया डोंगरावर गेला आणि परत आला



आज प्रायश्चित्त काळातील दुसरा रविवार. दरवर्षी या रविवारी प्रभू येशूच्या रूपांतराचे शुभवर्तमान वाचले जाते. डोंगरावर प्रभूशी बोलताना दिसतात ते मोशे आणि एलिया. हेच दोघे का? मोशे म्हणजे नियमशास्त्र आणि एलिया म्हणजे संदेष्टे, हे उत्तर धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण पाठ केले आहे. ते बरोबरच आहे. पण या दोघांत आणखी एक साधी गोष्ट समान आहे. दोघेही एकाच वाळवंटी डोंगरावर चढून गेले होते आणि दोघांनाही देवाने तिथून खाली पाठवले होते. मोशेविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज एलियाच्या चढणीचा अभ्यास करू. पहिले राजे, अध्याय १९ उघडून समोर ठेवावा आणि मग पुढे वाचावे.

गेल्या शनिवारी आपल्या युवक-युवतींना घेऊन आम्ही लळिंगच्या किल्ल्यावर गेलो होतो. देवपुरातून पांझरा ओलांडली आणि आग्रा रोडने दक्षिणेला निघालो की दहा किलोमीटरच्या आत लळिंग येते. आपण मुंबईला जाता-येता बसच्या खिडकीतून तो डोंगर शेकडो वेळा पाहिला आहे, पण वर गेलेले आपल्यात थोडेच. एके काळी हा खानदेशच्या फारुकी राजांचा महत्त्वाचा किल्ला होता. याच लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. पावसाळ्यात इथे हिरवेगार असते, धबधबा वाहतो. या दिवसांत मात्र कुरणातले गवत पिवळे पडलेले, झाडे निष्पर्ण आणि दगड सकाळी नऊलाच तापलेला. लळिंग काही वाळवंट नव्हे, पण तहान म्हणजे काय ते कळायला पुरेसा आहे. सातपुड्यातून शिकायला आलेली आपली मुले गप्पा मारत वर पोहोचली. शहरातली मुले (आणि त्यांचे फादर!) दर वळणावर बाटली उघडत होती. एका मुलाच्या पायात गोळा आला व तो अर्ध्या वाटेवरच बसला. त्याचा मित्र त्याच्यापाशी थांबला. त्यामुळे वर काय झाले ते या दोघांना ठाऊक नाही.

वर आम्ही खडकात खोदलेल्या टाक्यांजवळ सावली शोधली आणि हाच अध्याय मोठ्याने वाचला. ही कल्पना आमची नाही. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका यात्रेकरू स्त्रीकडून ती आम्ही घेतली आहे. तिचे नाव एजेरिया. इ. स. ३८१ ते ३८४ या काळात ती युरोपच्या पश्चिमेकडून पवित्र भूमीत आली आणि जे पाहिले ते आपल्या भगिनींसाठी लिहीत गेली. हे लिखाण शतकानुशतके विस्मरणात गेले होते. १८८४ साली इटलीतील अरेझ्झो येथे त्याची एक हस्तलिखित प्रत सापडली. तिची सुरुवातीची पाने हरवलेली आहेत, त्यामुळे जे हाती उरले आहे ते सिनाय पर्वत दुरून दिसू लागतो तिथपासूनच सुरू होते.

आज ज्याला सिनाय पर्वत म्हणतात तो इजिप्तमधील जबल मूसा, म्हणजे मोशेचा डोंगर. उंची २२८५ मीटर. आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे, त्यावरून अंदाज येईल. पायथ्याशी सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेला संत कॅथरीनचा मठ आहे. २००० सालच्या फेब्रुवारीत पोप संत जॉन पॉल दुसरे याच मठात यात्रेकरू म्हणून गेले होते. मठाच्या मागून संन्याशांनी रचलेल्या सुमारे ३७५० दगडी पायऱ्या शिखराकडे जातात. (बायबलमधील सिनाय नेमका हाच डोंगर की दुसरा, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. पण ख्रिस्ती यात्रेकरू निदान एजेरियाच्या काळापासून इथेच येत आले आहेत.)

एजेरिया शनिवारी संध्याकाळी पायथ्याशी पोहोचली. तिथल्या संन्याशांनी पाहुणचार केला. रविवारी पहाटे त्यांच्यासोबत ती निघाली. वाट गोगलगायीसारखी वळणे घेत हळूहळू चढत नाही, भिंतीवर चढावे तशी सरळ वर जाते, अशी तिची तक्रार आहे. खोगिरावर बसून जाता येत नाही, पायीच जावे लागते. सकाळी दहाच्या सुमारास ती माथ्यावर पोहोचली. तिथे एक लहानसे चर्च होते. तिथे मोशेच्या पुस्तकातला त्या जागेचा उतारा वाचला गेला, मिस्सा झाली आणि निघताना धर्मगुरूंनी सर्वांना भेट म्हणून फळे दिली. माथा उघडाबोडका, पण संन्याशांनी खालच्या मातीत झाडे लावली होती, त्यांचीच ती फळे. मग ते शेजारच्या होरेबवर एलियाच्या गुहेपाशी गेले आणि तिथे राजांच्या पुस्तकातला उतारा वाचला. दुपारी चारला सर्वजण खाली, जळत्या झुडपाच्या जागी पोहोचले होते. म्हणजे आपल्याच सहलीसारखी एका दिवसाची चढउतार! ती जिथे जाई तिथे त्या जागेचे वचन वाचून घेई. आमच्या मते बायबल शिकण्याची याहून चांगली पद्धत नाही.

आता एलियाकडे वळू. तो यात्रेकरू नव्हता. ईजबेल राणीने त्याला ठार मारण्याची शपथ घेतली होती. तो पळत बैर-शेबाला आला, सेवकाला तिथेच सोडले, एकटाच दिवसभर रानात चालला, एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला की आता पुरे, माझा प्राण घे. ज्या संदेष्ट्याच्या शब्दावर कार्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरला, तोच आता असे बोलत आहे. थोर माणसे खचत नाहीत असे आपल्याला वाटते. बायबल तसे म्हणत नाही.

देवाने काय केले? त्याला उपदेश केला नाही. तो झोपला, त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले व खा म्हणून सांगितले. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. तरीही देवदूत रागावला नाही. दुसऱ्यांदा उठवून म्हणाला की खा, कारण वाट लांबची आहे.

इथे आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, एक शेतकरी बांधव भर दुपारी आमच्याकडे आले. कापूस गेला होता, डोक्यावर कर्ज होते. खुर्चीत बसले आणि एवढेच म्हणाले, "फादर, आते जीव कटाळना." आम्ही बोलू लागलो. आशा, दुःखाचे मूल्य, जीवनाचे पावित्र्य. सेमिनरीत शिकलेले सारे तत्त्वज्ञान आम्ही त्यांच्यापुढे मांडले. तासभर ते मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी स्वयंपाकाच्या मावशी दारात आल्या, त्यांनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आत जाऊन पाणी, कळण्याची भाकरी व ठेचा घेऊन आल्या. बंधू जेवले. जेवून झाल्यावर ते बोलू लागले, संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. मग आम्ही त्यांना त्यांच्या भावाच्या घरी पोहोचवले. सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हते, आणि हे विचारण्याचे आम्हांला सुचले नव्हते.

चाळीस दिवस चालून एलिया होरेबला पोहोचला आणि गुहेत शिरला. पुढचे आपल्याला ठाऊक आहे. वारा, भूकंप, अग्नी, आणि मग ती मंद शांत वाणी. वर्ष 'अ'मध्ये, सामान्य काळातील एकोणिसाव्या रविवारी हा उतारा मिस्सेत वाचतात. पण घरच्या बायबलशी ताडून पाहा. मिस्सेतले वाचन तेराव्या वचनाच्या मध्येच थांबते. एलिया तोंड झाकून गुहेच्या दाराशी उभा राहतो आणि वाचन संपते. त्यामुळे पुष्कळांना वाटते की शांतता ऐकू आली आणि एलियाचे दुःख संपले.

तसे झाले नाही. वाणी येण्याआधी देवाने विचारले होते, तू इथे काय करतोस? एलियाने आपले गाऱ्हाणे सांगितले होते की मी एकटाच उरलो आहे आणि माझाही जीव घ्यायला लोक टपले आहेत. वाणीनंतर देव तोच प्रश्न पुन्हा विचारतो. एलिया शब्द न् शब्द तेच उत्तर देतो. दहावे आणि चौदावे वचन शेजारी ठेवून वाचा. एवढे दर्शन घडूनही त्याचे गाऱ्हाणे तसेच राहिले! आम्हांला यात मोठा दिलासा वाटतो. मिस्सा करून, क्रूसाची वाट करून, यात्रा करून घरी परतल्यावर जिचे दुःख तसेच राहते, तिची श्रद्धा कमी पडली असे कोणी म्हणू नये. एलियाचेही तसेच झाले होते.

देवाने त्यावर वाद घातला नाही. तो म्हणाला, आल्या वाटेने परत जा. तीन कामे दिली, हजाएल, येहू आणि अलीशा या तिघांचा अभिषेक कर. आणि जाता जाता सांगितले की इस्राएलात बआलपुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत. म्हणजे 'मी एकटाच' हा हिशेब चुकीचा होता.

बैर-शेबाला एलियाने सेवकाला मागे सोडले होते. परतताना त्याला सोबती मिळाला. लळिंगच्या अर्ध्या वाटेवर थांबलेल्या त्या दोघा मुलांना आम्ही उतरताना गाठले, तेव्हा ते दगडाच्या सावलीत शेंगदाणे खात बसले होते. वर काय वाचले असे त्यांनी विचारले. आम्ही तिथेच बसून सगळा अध्याय पुन्हा वाचला, आणि आम्हांला तो वरच्यापेक्षा तिथे अधिक समजला असे प्रामाणिकपणे सांगतो.

एलियाने तीनपैकी पहिले काम अलीशाचेच केले. उरलेली दोन पुढे अलीशाच्या काळात झाली. एलिया त्याच्याकडे गेला तेव्हा अलीशा शेत नांगरत होता. बैलांच्या बारा जोड्या चालू होत्या आणि तो स्वतः बाराव्या जोडीपाशी होता. एलियाने जवळून जाताना आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. अलीशाने घरच्यांचा निरोप घेतला, बैल कापले, औताच्या लाकडांवर ते मांस शिजवून लोकांना जेवू घातले आणि मग तो एलियाच्या मागे निघाला.

पुढील रविवारी मिस्सेनंतर, चहापाणी झाल्यावर, या अध्यायावर चर्चा करू. पहिले राजे, अध्याय १७ ते १९ वाचून यावे. सतराव्या अध्यायात एलियाला आणखी कोणी कोणी जेवू घातले, ते प्रत्येकाने शोधून आणावे.