गाडी चुकली तर? (बीड जिल्ह्यातला प्रवास आणि थोडं गणित)

मागच्या वर्षीची गोष्ट. छत्रपती संभाजीनगरला एका कंपनीची लेखी परीक्षा होती. सकाळी दहाला हजर राहायचं. मी वहीवर हिशेब मांडला. अंबाजोगाईहून अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, ताशी पन्नासचा वेग धरला तर सव्वाचार तास. पहाटे पाचला निघालं की सव्वानऊला पोहोच. आदल्या रात्री मित्र म्हणाला होता, "चल, आत्ताच निघू, माझ्या भावाच्या खोलीवर पडू." मी म्हणालो, "कशाला उगाच झोपेचं खोबरं?"

केजपर्यंत जीप मिळाली, पण ती भरेपर्यंत अर्धा तास गेला. केजला बसची वाट पाहिली, मांजरसुंब्याला पुन्हा पाहिली. परीक्षेच्या गेटवर पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. वॉचमन काकांनी घड्याळ दाखवलं आणि मान हलवली. तेवढ्यात वडिलांचा फोन आला, "पोचला का रं बाळा? पेपर कसा गेला?" काय सांगणार? नवीन शर्टाचे पैसे त्यांनी उसने आणले होते.

परतीच्या गाडीत सहा तास होते. माझा हिशेब नेमका कुठे चुकला, हे तेव्हा कळलं. आपण इंजिनिअर होणार म्हणतो, पण रोजच्या प्रवासाला कधी गणित लावत नाही. हा लेख त्याच गणिताबद्दल आहे.

१) वाट पाहणं हाही प्रवासच

मी फक्त गाडीत बसण्याचा वेळ मोजला होता. खरं सूत्र असं : एकूण वेळ = बसण्याचा वेळ + वाट पाहण्याचा वेळ. तासाला एक बस असेल आणि तुम्ही वेळापत्रक न बघता स्टँडवर गेलात, तर सरासरी अर्धा तास थांबावं लागतं. दोन ठिकाणी गाडी बदलायची म्हणजे एक तास असाच गेला.

जीपचं, म्हणजे आपल्या काळी-पिवळीचं, गणित वेगळं. तिला वेळापत्रक नसतं, ती सीटा भरल्या की सुटते. समजा दहा सीटा आहेत आणि दर चार मिनिटांनी एक माणूस येतो. पहिला माणूस छत्तीस मिनिटं बसून राहील, दहावा आला की गाडी लगेच हलेल. म्हणून घाईत असाल तर रिकाम्या जीपमध्ये खिडकी पकडून बसू नका, भरत आलेली बघा. पण भरलेल्या जीपच्या मागे लटकायचं मात्र नाही. तिथे गणित संपतं आणि दवाखाना सुरू होतो.

२) जोड जितके जास्त, धोका तितका जास्त

प्रत्येक टप्पा वेळेवर पार पडण्याची शक्यता ९० टक्के आहे असं धरू. थेट गाडी असेल तर ९० टक्के. तीन टप्पे असतील तर ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७३. म्हणजे चारातून एकदा तुमची फजिती ठरलेली! रिलायबिलिटीच्या तासाला सीरिज सिस्टिम शिकतो ती हीच.

स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात, आणि मोठ्या जंक्शनवर एकमेकींना गाठतील अशा बेताने त्यांच्या वेळा बसवलेल्या असतात. आपल्याकडे मांजरसुंब्याला केजकडची गाडी सोलापूरकडच्या गाडीसाठी थांबत नाही. म्हणून जोड आपणच सांभाळायचे. दोन गाड्यांमध्ये निदान तासाभराची सवड ठेवा. परीक्षा, मुलाखत किंवा दवाखान्याची तारीख असेल तर सरळ आदल्या रात्री मुक्कामाला जा.

३) पाटीवरचा 'मार्गे' वाचा

नवखा माणूस बसच्या पाटीवर फक्त शेवटचं गाव बघतो. खरी माहिती 'मार्गे' या शब्दाच्या पुढे असते. एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्या वेगवेगळ्या रस्त्यांनी जातात आणि वेळेत तासाभराचा फरक पडतो.

सारख्या नावांनीही घोळ होतो. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आणि शिरूर ताजबंद, तर पुणे जिल्ह्यात घोडनदीचं शिरूर. आष्टी बीड जिल्ह्यात आहे तशी वर्धा जिल्ह्यातही आहे. रेल्वेत 'लातूर' आणि 'लातूर रोड' ही दोन वेगळी स्टेशनं आहेत आणि त्यांच्यात सुमारे तीस किलोमीटरचं अंतर आहे. रात्री दोनला चुकीच्या स्टेशनवर उतरलात तर सकाळची वाट बघण्यापलीकडे हातात काही राहत नाही.

बीड शहराबाहेरून धुळे-सोलापूर महामार्गाचा बायपास गेला आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत बसताना आधीच विचारा, "मास्तर, गाडी स्टँडवर जाणार का बायपासनं?" हा एक प्रश्न रात्रीची पायपीट वाचवतो.

४) शेवटची गाडी आधी विचारा

आपण पहिली गाडी कधी आहे ते विचारतो. विचारायला हवी परतीची शेवटची. तालुक्याच्या गावापर्यंत कशीही सोय होते, अडचण येते ती फाट्यापासून गावापर्यंत. शेवटच्या चार-पाच किलोमीटरला अंधार पडल्यावर काहीच नसतं. म्हणून प्रवासाचा आराखडा उलटा मांडा : गावची शेवटची गाडी किती वाजता, त्यासाठी तालुक्याला किती वाजता पोचायला हवं, त्यासाठी निघायचं केव्हा.

खेड्यातल्या मुलांना मुक्कामी गाडी माहीत असतेच. ती संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत निघते. मुक्कामी गाडी बंद झाली की सगळ्यात आधी कोणाचं अडतं? कॉलेजला ये-जा करणाऱ्या मुलींचं. जवळच्या जीपवाल्याचा नंबर आणि डेपोच्या चौकशी खिडकीचा नंबर वहीत लिहून ठेवा, मोबाईलची बॅटरी ऐनवेळी दगा देते.

५) एसटीच्या सवलती

रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे भाड्याचा फक्त एक तृतीयांश खर्च येतो. हा पास घर ते कॉलेज या ठरलेल्या मार्गापुरताच चालतो. २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. आजी-आजोबांना दवाखान्यात नेताना त्यांचं आधार कार्ड सोबत ठेवा, नाहीतर वयाचा वाद गाडीतच सुरू होतो.

६) रेल्वे

आपल्या जिल्ह्याची जुनी रेल्वे म्हणजे परळी वैजनाथ. तिथून एक मार्ग परभणीकडे आणि दुसरा लातूर रोड, उदगीरवरून विकाराबादकडे जातो. अंबाजोगाईकरांना परळी जवळ, आणि घाटनांदूरही सोयीचं. अहिल्यानगर-बीड-परळी हा मार्ग एकूण २६१ किलोमीटरचा. त्यातला आष्टीपर्यंतचा भाग २०२२ मध्ये सुरू झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडला पहिली गाडी लागली. माणसं फलाटावर गाडी बघायला लेकरंबाळं घेऊन आली होती. पण ज्या मार्गावर गाड्या मोजक्या असतात तिथे एक चुकली की दिवस गेला. तेव्हा रेल्वेने निघताना पर्यायी एसटी शोधून ठेवा.

७) स्वतःची गाडी असेल तर

"आपली गाडी आहे, कधीही निघू," हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू होते आणि उसाने लादलेले ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

इथेही हिशेब करा. ताशी ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर (घर्षण गुणांक ०.६ धरून) ब्रेक लागून थांबायला आणखी ४२ मीटर. एकूण ७५ मीटर! आता वेग ६० करा : २५ अधिक २४, म्हणजे ४९ मीटर. डिपरच्या उजेडात अंधारातली ट्रॉली ७५ मीटरवरून दिसेलच याची खात्री कोणीही देणार नाही. वीस किलोमीटरचा वेग कमी केला की २६ मीटर हातात येतात. ८० ने शंभर किलोमीटरला सव्वा तास लागतो, ६० ने एक तास चाळीस मिनिटं. फरक फक्त पंचवीस मिनिटांचा.

मांजरसुंब्याचा आणि धारूरचा घाट उतरताना गाडी गिअरमध्येच ठेवा, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवू नका. आणि त्या ट्रॉलीवर बसलेली माणसं आपल्याच जिल्ह्यातली असतात, कदाचित आपल्याच वर्गातल्या कोणाचे तरी आई-वडील. ट्रॉलीला लाल रिफ्लेक्टर लावायला किती खर्च येतो? आपल्या एनएसएसच्या शिबिरात हे काम सहज होण्यासारखं आहे.

शेवटी

नंतर दुसऱ्या एका कंपनीची परीक्षा आली. त्या वेळी आम्ही चौघं आदल्या संध्याकाळीच थेट बसने निघालो, मित्राच्या भावाच्या खोलीवर सतरंजीवर झोपलो आणि सकाळी नऊलाच गेटवर उभे राहिलो. निवड एकाचीच झाली आणि तो मी नव्हतो. पण या वेळी वडिलांचा फोन आला तेव्हा मी सांगू शकलो, "आबा, पेपर अवघड होता, पण पूर्ण सोडवला."

पेपर अवघड जाणं आपल्या हातात नसतं. गेटपर्यंत वेळेवर पोचणं बऱ्याच अंशी असतं. तेव्हा निघण्याआधी वहीवर पाच मिनिटं हिशेब मांडा, आणि त्यात वाट पाहण्याचा वेळ धरायला विसरू नका. तुमचा प्रवास सुखाचा होवो!