मधुमेह : पूर्वरूपे आणि धोक्याच्या खुणा

मधुमेहाचा रुग्ण आमच्यापुढे येतो तो बहुधा मधुमेहाची तक्रार घेऊन येत नाही. कोणी कंडू सांगतो, कोणी वारंवार होणारी गळवे, कोणी तळपायांची आग, तर कोणी केवळ थकवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती या व्याधीच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा निदानाची पहिली संधी पुष्कळदा आपल्याच हाती असते.

ही संधी आम्ही एकदा गमावली. पाठीवर पुनःपुन्हा गळवे येणाऱ्या एका मध्यमवयीन शेतकऱ्यास आम्ही रक्तदुष्टी समजून दोन महिने औषधे दिली. रक्तशर्करा तपासली नाही. पुढे तो पायाला दुर्गंधी येते म्हणून आला. तळव्यात बाभळीचा काटा मोडून आठ दिवस झाले होते. पण वेदनाच नसल्याने त्यास त्याचा पत्ता नव्हता. शर्करा ३०० च्या वर निघाली आणि पायाचे एक बोट गमवावे लागले. चूक आमचीच होती, म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्रकारांचा इशारा

चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या चौथ्या अध्यायात प्रमेहाची पूर्वरूपे विस्ताराने दिली आहेत. केसांची जटिलता, मुखमाधुर्य, हातापायांची सुप्तता व दाह, मुख-तालु-कंठशोष, पिपासा, आलस्य, शरीरास विस्र गंध, सदैव निद्रा व तंद्रा आणि शरीराकडे व मूत्राकडे मुंग्यांचे धावणे ही त्यांतील प्रमुख होत. कफज १० साध्य, पित्तज ६ याप्य व वातज ४ असाध्य हा क्रम पाहिला, म्हणजे पूर्वरूपावस्थेतच व्याधी ओळखण्याचे महत्त्व ध्यानी येते. सूत्रस्थानात वर्णिलेल्या सात प्रमेहपिडका हा पुढच्या उपद्रवांचा इशारा होय. आमच्या त्या रुग्णाच्या पाठीवर तोच इशारा लिहिलेला होता. मात्र प्रत्येक प्रमेह म्हणजे आजचा मधुमेह नव्हे. म्हणून लक्षणांवरून संशय घ्यावा व प्रयोगशाळेतून निश्चिती करावी.

तपासणी कोणाची करावी?

बहुमूत्रता, अतितृष्णा, भूक असूनही घटणारे वजन, न भरणारे व्रण, वारंवार होणारी गळवे, गुह्यांगाची खाज, दृष्टीचा अंधुकपणा व पायांना मुंग्या येणे यांपैकी काहीही आढळल्यास रक्तशर्करा तपासावी. स्थूल व्यक्ती, मातापित्यांपैकी कोणास मधुमेह असलेली व्यक्ती आणि गर्भारपणात शर्करा वाढलेली स्त्री यांची तपासणी लक्षणे नसतानाही करावी. उपाशीपोटी १२६ मि.ग्रॅ. वा अधिक, ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी २०० वा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक असल्यास मधुमेह समजावा. लक्षणे स्पष्ट नसल्यास तपासणी पुन्हा करून खात्री करावी. उपाशीपोटी १०० ते १२५ हा उंबरठा असून आहार-विहाराचे यश येथे सर्वांत मोठे असते.

विलंब जिवावर बेतणारी लक्षणे

१) मधुमेह्यास वांत्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास, श्वासास फळासारखा गंध व ग्लानी असल्यास ते अजीर्ण समजू नये. रक्तातील आम्लता वाढल्याची ही चिन्हे असून रुग्णास त्वरित रुग्णालयात न्यावे. कृश बालकात व तरुणात याचे भान विशेष ठेवावे.

२) घाम, कंप, तीव्र भूक, बडबड वा संभ्रम ही शर्करा ७० च्या खाली गेल्याची चिन्हे होत. शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. बेशुद्धास तोंडाने काहीही देऊ नये.

३) जुन्या मधुमेह्यास हृद्रोगाचा झटका छातीत न दुखताही येतो. अकस्मात दम व घाम यांस वातप्रकोप म्हणून सोडू नये.

४) पायाची जखम, काळेपणा वा बधिरता असल्यास त्याच दिवशी उपाय करावा. प्रत्येक भेटीत रुग्णाची पादत्राणे काढवून तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिन यांची तपासणी वर्षातून एकदा करवावी, कारण नेत्र व वृक्क यांचा नाश प्रारंभी मूकपणे होतो.

औषधालयचालकांसाठी

सितोपलादि चूर्णाच्या ३१ भागांत १६ भाग खडीसाखर असते. अविपत्तिकर चूर्णातही निम्मी शर्करा असते. अवलेह, पाक व आसवारिष्टे यांतील गूळ-साखरही विसरू नये. गिऱ्हाइकास मधुमेह आहे काय, हे विचारूनच अशी औषधे द्यावीत. गुडमार, विजयसार वा मामेजवा आधुनिक गोळ्यांसोबत घेतल्यास शर्करा अतिशय घटू शकते, याची कल्पना द्यावी. घटकांची नोंद नसलेल्या पुड्या ठेवू नयेत. अशा पुड्यांत आधुनिक औषधांची भेसळ आढळलेली आहे. मधुमेह समूळ बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे.

शेवटी एक कळकळीची विनंती. चालू असलेले इन्सुलिन कोणाच्याही सांगण्यावरून रुग्णास थांबवू देऊ नये. ज्याच्या शरीरात इन्सुलिन निर्माणच होत नाही, त्याचे प्राण त्यावरच अवलंबून असतात. आपली चिकित्सा त्याच्या जोडीने चालावी आणि मात्रेतील बदल संबंधित डॉक्टरांच्या विचारानेच व्हावा. पूर्वरूप ओळखणे हे आपले परंपरागत सामर्थ्य आहे. रक्ततपासणीची जोड दिल्यास त्या सामर्थ्याने कित्येकांचे पाय, डोळे व प्राण वाचतील.