रेशमाच्या विणीतील प्रयोगशाळा

केसाएवढ्या अरुंद मार्गिकांतून द्रवाचा थेंबभर अंश वाहून नेणे आणि त्यातील सूक्ष्म कण हाताळणे वा वेगळे करणे, हे मायक्रोफ्लुइडिक्स म्हणजे सूक्ष्मप्रवाह तंत्रज्ञानाचे कार्य होय. रक्तातील तांबड्या पेशीचा व्यास 7 ते 8 मायक्रोमीटर, तर प्लेटलेटचा 2 ते 3 मायक्रोमीटर असतो. आकार, घनता व विद्युत गुणधर्म यांतील अशा फरकांच्या आधारे कणांची विभागणी करता येते.

ऊर्जेचा प्रश्न

चिप नखाएवढी असली, तरी तिच्यासाठी लागणारा पंप व वीजपुरवठा मोठा असतो. जेथे वीज अनियमित आहे, अशा ग्रामीण आरोग्य केंद्रात ही चिप निरुपयोगी ठरते. म्हणून बाह्य ऊर्जेविना चालणाऱ्या साधनांचा शोध सुरू झाला. अमेरिकेत जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 2007 मध्ये कागदातील केशाकर्षणाचा उपयोग केला. 2012 मध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने घर्षणातून वीज देणारे सूक्ष्म जनित्र मांडले. 2017 मध्ये मनू प्रकाश यांच्या गटाने दोऱ्यावर फिरणाऱ्या भिंगरीच्या तत्त्वावर कागदी अपकेंद्रित्र सादर केले. केवळ हाताच्या बळावर ते सुमारे दीड मिनिटात रक्तद्रव वेगळा करते.

बंगळुरूचा प्रयोग

बंगळुरू येथील अचिरा लॅब्सच्या संशोधकांनी 2011 मध्ये विणलेल्या रेशमी चिपची संकल्पना प्रसिद्ध केली. रासायनिक द्रव्यांचा लेप दिलेले धागे हातमागावर विणून चाचणीपट्टी तयार होते. नमुन्याचा थेंब धाग्यांतून आपोआप पुढे सरकतो. पंपाची गरज राहत नाही.

आर्थिक अन्वयार्थ

सिलिकॉन चिपसाठी स्वच्छ कक्षासारखी मोठी स्थिर गुंतवणूक लागते. हातमाग मात्र श्रमप्रधान असून त्याचे भांडवल व कौशल्य देशात आधीच उपलब्ध आहे. रेशीम उत्पादनात अग्रेसर असलेल्या कर्नाटकात या पर्यायाला विशेष अर्थ आहे.

तथापि, स्वस्त म्हणजे उपयुक्त असे समीकरण मांडता येत नाही. चाचणीने रुग्णाला चुकून निरोगी ठरविले, तर वाचलेल्या रुपयांची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. प्रत्येक पट्टीचा दर्जा एकसमान राखणे, वैद्यकीय उपकरण नियम, 2017 अन्वये मान्यता मिळविणे आणि सार्वजनिक खरेदीची खात्रीशीर मागणी लाभणे, या तीन पायऱ्या ओलांडल्यावरच प्रयोगशाळेतील शोध आरोग्यसेवेत रूपांतरित होतो. विज्ञान व विकास यांतील अंतर बहुधा याच पायऱ्यांवर पडते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.