दारू सोडताना अध्यात्माच्या वाटेवर किती पैसे लागतात?

मावशीने कानातल्या कुड्या मोडून ११,००० रुपये उभे केले, गंडा आणला आणि माझ्या मावसभावाच्या दंडावर बांधला. पंधराव्या दिवशी तो पुन्हा गुत्त्यावर होता. कुड्या गेल्या त्या गेल्याच. म्हणून हा हिशेब मांडते आहे.

पहिला खर्च डॉक्टरचा. रोज पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. म्हणून आधी डॉक्टर, नामस्मरण त्यानंतर. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपरच्या किरकोळ पैशांत सुरुवात होते. १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन मोफत लागतो.

शरीर सावरलं तरी संध्याकाळी सात वाजले की पाय जुन्या रस्त्याला वळतात. त्या तासासाठी मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग. दारू सोडू पाहणाऱ्यांची ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. फी नाही, वर्गणी नाही. खुल्या मीटिंगला घरच्यांनाही जाता येतं, म्हणून मी भावाबरोबर गेले. शाळेचा वर्ग, मुलांचे बुटके बाक, थर्मासमधला चहा. शेवटी ऐच्छिक मदतीसाठी एक कापडी पिशवी फिरली. भावाने खिशात हात घातला, तर शेजारचे काका म्हणाले, “आज राहू दे. तू आलास ना, पुरे.”

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांतली चौथी म्हणजे स्वतःच्या वागण्याचा लेखाजोखा, पाचवी म्हणजे तो दुसऱ्या माणसापुढे कबूल करणं. पुढे हे दोष दूर व्हावेत म्हणून देवाला विनवणी. देव कोणता, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नास्तिकही तिथे येतात. खर्च एका शंभर पानी वहीचा. भावाला पहिलं पान भरायला तीन आठवडे लागले. त्यातली एकच ओळ त्याने मला दाखवली: ‘आईच्या औषधाचे पैसे’. पुढे रक्कम नव्हती, तारीख होती.

इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचं विपश्यना शिबिर राहण्या-जेवणासह विनामूल्य असतं. दान घेतात तेही शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. पण जाण्यायेण्यासकट बारा दिवस मोडतात, रोजंदारीवाल्याची तेवढी मजुरी बुडते. अर्जात व्यसन आणि चालू औषधं लपवू नका. नुकतीच दारू सोडलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये.

तुळशीची माळ घालायची तर मण्यांपुरते पैसे. माळकऱ्याला दारू वर्ज्य हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे आग्रह करणारेही थांबतात. मात्र पाय घसरलाच तर लाजेने तोंड लपवून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नकळत भाजीत कालवायची पावडर कुणी कितीही स्वस्तात देवो, घेऊ नका. तिच्यात डायसल्फिरम हे औषध असलं आणि वर दारू पोटात गेली, तर माणूस दगावू शकतो. खात्रीने सोडवतो म्हणून आगाऊ हजारो रुपये मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.

रोजच्या दारूचे २०० रुपये धरले तरी महिन्याचे ६,००० होतात. त्यातून औषधं आणि मीटिंगचं बसभाडं सहज निघतं. आणि पहिल्या मीटिंगला माणसाला एकटं पाठवू नका. सोबत जा, बाहेर पायरीवर तासभर बसावं लागलं तरी बसा.