निलगिरी ओळखूया : साल, कळी आणि बोंड

निलगिरी आपल्याला ओळखीची आहे. उंच, सरळसोट, पान चुरगळलं की औषधी वास. पण तिचं माहेर ऑस्ट्रेलिया. तिथे निलगिरीच्या ७०० हून जास्त जाती आहेत. मग नुसतं 'निलगिरी' म्हणून कसं चालेल? चला, ओळखायच्या खुणा पाहू.

१) साल : 'गम' गटाची साल गुळगुळीत, सोलून पडणारी. 'स्ट्रिंगीबार्क'ची साल काथ्यासारखी तंतुमय. 'आयर्नबार्क'ची कडक, काळपट, खोल चिरांची.

२) पान : इथे फसायला होतं! तस्मानियाच्या ब्लू गमची कोवळी पाने रुंद, निळसर, समोरासमोर. मोठेपणी तीच लांब, कोयत्यासारखी. म्हणून एका पानावरून निर्णय करू नका.

३) कळी : प्रत्येक कळीला टोपी असते. फुलताना ती गळते आणि पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो. 'युकॅलिप्टस' या ग्रीक नावाचा अर्थच 'नीट झाकलेले'. हे नाव १७८८ मध्ये दिले गेले.

४) बोंड : ही सर्वांत भरवशाची खूण. ब्लू गमचं बोंड मोठं, खडबडीत, बहुधा एकेकटं. नदीकाठच्या रिव्हर रेड गमची बोंडं बारीक, घोसात आणि तोंडाशी टोकं बाहेर आलेली.

आता महत्त्वाचा प्रश्न : ऑस्ट्रेलियातली प्रत्येक निलगिरी तिथली स्थानिक का? नाही. मेलबर्नच्या रस्त्यांवर दिसणारी लिंबाच्या वासाची निलगिरी मूळची दूरच्या क्वीन्सलँडची. (शास्त्रज्ञ आता तिला 'कोरिंबिया' या वेगळ्या प्रजातीत धरतात.) म्हणजे देश तोच, पण गाव वेगळं.

एवढी बारकाई कशाला? कोआला मोजक्याच जातींची पाने आवडीने खातो. पोपट, पोसम जुन्या झाडांच्या ढोलीत राहतात आणि मोठी ढोली व्हायला शंभराहून जास्त वर्षे लागतात. जुना रेड गम तोडून दुसरंच रोप लावलं, तर झाडांची संख्या तेवढीच राहते, पण घर मात्र जातं. झाड ओळखता आलं, तरच काय वाचवायचं ते कळतं.

स्वाध्याय : जवळच्या निलगिरीखाली पडलेली टोपी, बोंड आणि साल गोळा करा. फांदी तोडू नका. चित्र काढून प्रत्येक खुणेवर एक वाक्य लिहा. आणि हो, आपल्याकडे ही झाडं लावलेली आहेत. मग तुमच्या गावचं खरं स्थानिक झाड कोणतं, तेही शोधा!