जन्मभर पाळता येईल तेवढेच

सातारा,
कार्तिक शुद्ध एकादशी

चि. बाळ यास,

लखनौच्या सरोजिनी नगरहून पाठविलेले तुझे पत्र पोचले. विमानतळावरील मालवाहतुकीच्या कचेरीत रुजू झाल्यापासून बैठे काम, रात्रपाळ्या आणि बाहेरचे खाणे यांच्या योगाने तुझे वजन ८६ किलोंवर गेले, तपासणीत रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्याशी आलेली आढळली, आणि ते कळताच एक वेळ उकडलेल्या भाज्या, दुसऱ्या वेळी डब्यातील विकतची भुकटी व व्यायामशाळेची वर्षाची फी एकरकमी भरून दोन महिन्यांत पंधरा किलो उतरविण्याचा संकल्प तू सोडलास, हे सर्व मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझ्या निश्चयाचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु त्याची दिशा मला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे. त्या वस्तीत मी नोकरीची बरीच वर्षे काढली असल्यामुळे तेथील ऋतू, रस्ते आणि पदार्थ मला परके नाहीत.

प्रथम मनातील लाज काढून टाक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले व आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक नेमका २२.३ होता, म्हणजे काट्याच्या हिशेबी दोघेही सारखेच. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के भरली. दिसण्यात सडपातळ असूनही आत, विशेषतः पोटाभोवती, मेद साठविणारी ही आपल्या लोकांची देहरचना आहे, आणि याज्ञिकांच्या अभ्यासानुसार तिचे मूळ गर्भावस्थेपर्यंत जाऊन पोचते. म्हणूनच आपल्याकडील वैद्यकतज्ज्ञांनी २५ च्या ऐवजी २३ या निर्देशांकापासूनच सावध होण्यास सांगितले असून पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरांच्या व स्त्रियांचा ८० च्या आत असावा, असे ठरविले आहे. तेव्हा तुझ्या वाढलेल्या वजनात तुझ्या चारित्र्याचा दोष शोधू नकोस. वजनकाट्याबरोबर शिंप्याची फीत घरात ठेव, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर महिन्यातून एकदा घेर मोज, आणि काहीही आरंभ करण्यापूर्वी रक्तदाब, थायरॉईड व साखर यांची रुजुवात डॉक्टरांकडून करून घे.

आता तुझ्या दोन महिन्यांच्या बेताविषयी. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेविले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले खरे; परंतु त्याबरोबर त्यांचा उत्साह गेला, स्वभाव चिडखोर झाला, दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांना सुचेना, त्यांतील काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले, आणि पोटभर खाण्याची मुभा मिळताच गेलेली चरबी पूर्वीपेक्षाही अधिक प्रमाणात परतली. त्या तरुणांत मनोबलाची उणीव नव्हती. उपासमार झाली की देह आपला खर्च आटोपता घेतो, भूक वाढवितो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजवितो. ही त्याची प्राणरक्षणाची व्यवस्था आहे. जुलमाने वसूल केलेला सारा एका हंगामापुरता खजिना भरतो आणि पुढच्या साली गाव ओस पडते, तर रयतेला झेपेल असा हलका धारा बांधून दिला म्हणजे तो पिढ्यानपिढ्या बिनतक्रार जमा होत राहतो. देहाच्या बाबतीतही मला दुसऱ्या प्रकारचा बंदोबस्तच शहाणपणाचा वाटतो. म्हणून कोणताही उपाय समोर आला की त्याने किती किलो उतरतील हे विचारण्याआधी, दहा वर्षांनंतरही मी हे आनंदाने करीत असेन काय, हा प्रश्न स्वतःस विचार. उत्तर नकारार्थी आले, तर तो उपाय कितीही प्रख्यात असो, तुझ्या कामाचा नाही. मागे राहील ते थोडे असेल, पण तेच तुझे वजन उतरवील आणि उतरलेले टिकवील.

थोडक्याने काय होणार, अशी शंका तुला येईल. तुझ्याप्रमाणेच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला व त्याचे फळ २००२ साली प्रसिद्ध झाले. वजनाचा सात टक्के भाग उतरविणे आणि आठवड्यातून दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे, एवढेच ध्येय त्यांच्यापुढे ठेविले होते. तेवढ्याने मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, तर मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्याच लोकांवर केलेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर वजनात म्हणण्यासारखी घट झाली नसताही आहारविहारातील बदलाने तो धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. तुझ्या ८६ किलोंचे सात टक्के म्हणजे सहा किलो. महिन्याला एक किलो उतरले तरी पुढच्या वैशाखात तू तेथे पोचशील, आणि काटा मध्येच अडून बसला तरी केलेले चालणे वाया गेले, असे मानण्याचे कारण राहणार नाही.

आहाराविषयी लिहिताना मला ठाऊक आहे, की महाराष्ट्रातील कित्येक घरांत या प्रश्नावर दोन पक्ष पडले आहेत. कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनच वेळा, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा क्रम सांगितला. उलट ऋजुता दिवेकर यांनी घरचे, आपल्या मातीतले व त्या त्या ऋतूतले अन्न थोडथोडे आणि वेळेवर खाण्याचा आग्रह धरला. या वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चहाबरोबरचे बिस्कीट, गप्पांबरोबरचा समोसा आणि दूरदर्शनसमोरचा चिवडा अशा भान नसताना होणाऱ्या खाण्यास दोन्ही क्रमांत स्थान नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. यांपैकी जो क्रम तुझ्या पाळ्यांशी जुळेल तो धर. मात्र पुढे कधी मधुमेहाची औषधे सुरू झाली, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा लांबवू नकोस.

लखनौसारख्या शहरात राहून रसनेशी वैर धरावे, असे मी कधीही सांगणार नाही. थंडीतील मक्खन-मलाई आणि ज्येष्ठ-आषाढातील मलिहाबादचा दशहरी आंबा ही त्या भूमीची देणगी आहे. ती वर्षातून मोजक्या वेळी, बसून, आस्वाद घेत खाल्ल्याने कोणाचे आरोग्य बिघडत नाही. बिघाड होतो तो पाळी संपवून परतताना कानपूर रस्त्यावर रोज खाल्लेल्या खस्ता-कचोरीने व जिलेबीने. सणाचे अन्न सणाला परत कर, एवढेच माझे मागणे आहे. रोजच्यासाठी त्याच बाजारात काय कमी आहे? लैया-चना, म्हणजे मुरमुरे-फुटाणे, खिशात ठेवता येतो. सातूचे पीठ लिंबू व मीठ घालून ताकात कालविले तर दुपारची भूक भागते. थंडीत बथुआ, मेथी, मटार, उन्हाळ्यात काकडी, दोडका, दुधी, परवल ही रोजची भाजी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जाहीर केलेल्या मार्गदर्शनात ताटाचा अर्धा भाग भाज्या व फळांनी भरावा, असे सांगितले आहे. आपल्या घरांतून हे ताट उलटे वाढले जाते: पोळी-भाताचा ढीग, डाळीचे पाणी आणि कडेला चमचाभर भाजी. तेव्हा डाळ घट्ट कर, भाजी दुप्पट कर, आणि पोळ्या त्या मानाने आपोआप कमी होतील.

दोन जिनसांचा जमाखर्च मात्र लिहून ठेव. तेलाचा डबा फोडल्याची तारीख त्यावर घाल, म्हणजे महिन्याचा खप कळेल. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमात नऊ उष्मांक असतात, तर पिष्ट व साखर यांच्या एका ग्रॅमात चार, त्यामुळे तेथे केलेली काटकसर सर्वांत फलदायी ठरते. दुसरी जिन्नस साखर. दिवसातून चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम. महिन्याची ती बाराशे ग्रॅम होते. दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी करीत गेलास तर होळीपर्यंत बिनसाखरेचा चहा तुला गोड लागू लागेल, कारण जीभही सवयीने वळते.

चालण्याविषयी तर तुला सबब सांगण्यास जागाच नाही. १९५३ साली लंडनच्या जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास केला, तेव्हा दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा जिने चढउतार करून तिकिटे फाडणाऱ्या वाहकांत हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. वाहकांनी त्यासाठी वेगळा व्यायाम केला नव्हता. त्यांच्या कामातच तो गुंफलेला होता. तूही तो असाच दिनक्रमात गुंफ. कैसरबाग किंवा हजरतगंजला जाणे झाले तर अमौसीच्या मेट्रो स्थानकापर्यंत पायी जा व सरकत्या जिन्याकडे न पाहता साधा जिना चढ. देशातील पहिली सैनिक शाळा १९६० साली तुझ्याच वस्तीत स्थापन झाली. घंटेबरोबर उठणे, घंटेबरोबर मैदानावर जाणे, या नेमावरच अशा संस्थांतील शिस्त उभी असते, आणि तो नेम शाळेबाहेरच्या माणसासही घालून घेता येतो. ज्येष्ठातील लूच्या दिवसांत सूर्योदयापूर्वी चाल. पौषात मात्र पहाटेचे धुके व धूर छातीत घेण्यापेक्षा ऊन वर आल्यावर, पाळी नसेल त्या दिवशी दुपारी, निघणे हितकर.

पाऊस, धुके वा रात्रपाळी आड आली तर आपल्या जिल्ह्यातील औंधची आठवण ठेव. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांतूनही त्यांनी ते सुरू करविले. सतरंजीएवढी जागा आणि पाव तास वेळ त्याला पुरतो. शिवाय हातापायांच्या व पाठीच्या स्नायूंवर भार पडून त्यांचे बळ राहते, जे नुसत्या चालण्याने साधत नाही. चार नमस्कारांनी आरंभ कर व आठवड्याला एक वाढव. चरकसंहितेत अतिस्थूल माणसास व्यायाम वाढविण्यास सांगितले आहे तेही क्रमाक्रमानेच. तुझ्या लखनौस १९२६ साली संगीत महाविद्यालय उभारणाऱ्या पंडित भातखंड्यांनीही रागविद्येसारखी अथांग विद्या क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत उतरवून सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आणली. शरीराची विद्या त्याहून निराळ्या रीतीने हस्तगत होत नाही.

झोपेची हेळसांड करू नकोस. निद्रा अपुरी पडली की भूक चाळवणारी शरीरद्रव्ये वाढतात व तृप्ती देणारी घटतात, म्हणूनच रात्रपाळीनंतर तुला गोडाची ओढ लागते. त्या दिवशी घरी परतून हलके खा, खोलीत अंधार कर आणि सात तास विनाव्यत्यय नीज. वरिष्ठांकडे अर्ज करून पाळ्या आठवड्याच्या आत बदलू नयेत एवढी व्यवस्था होत असेल, तर ती मागण्यात कमीपणा नाही.

चि. सौ. सूनबाईवर या सर्वाचा भार टाकू नकोस. तुझ्यासाठी वेगळी भाजी आणि बाकीच्यांसाठी पुऱ्या, अशी दोन स्वयंपाकघरे एका चुलीवर फार दिवस चालत नाहीत; घराचे अन्न एकच असावे आणि सुटीच्या दिवशी ते तू शिजवावेस. मुलांना बापाची आज्ञा कळण्यापूर्वी बापाचे ताट दिसते. पाहुणचारात कोणी आग्रह करील, तेव्हा पहिल्याच वाढणीची मनापासून स्तुती कर व दुसरीला हात जोड. अदबीने दिलेला नकार त्या शहरात कोणी अपमान मानीत नाही.

हल्ली वजन उतरविणारी इंजेक्शने निघाली आहेत. डॉक्टरांस तुझ्या प्रकृतीसाठी ती आवश्यक वाटली तर त्यात गैर काही नाही. मात्र ती थांबविल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, असे दिसून आले आहे. म्हणजे औषधाच्या साह्याने असो वा त्यावाचून, अखेरीस दिनक्रम हाच आधार.

आणि नेम मोडेल तेव्हाचे आताच सांगून ठेवतो. लग्नसराईत, आजारपणात, बदलीच्या धांदलीत तो मोडेलच. मोडलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशीच्या उपवासाने करू नकोस, कारण त्यातूनच पुन्हा अतिरेक जन्मतो. पुढचे जेवण नेहमीसारखे जेव आणि पुढच्या सकाळी नेहमीसारखा चाल. खंड पडला याचे दुःख करण्यात जो वेळ जातो, त्यात नेम पुन्हा सुरू होऊ शकतो.

तेव्हा भुकटीचा डबा परत करता आला तर कर, आणि या पत्रातील सर्व गोष्टी एकदम अंगीकारू नकोस. येत्या महिन्यासाठी दोनच निवड: माझ्या मते साखर व चालणे. पुढल्या पत्रात किती किलो उतरले हे लिहिले नाहीस तरी चालेल; त्या दोहोंपैकी कोणती गोष्ट विनासायास होऊ लागली व कोणती अडते आहे, तेवढे मात्र अवश्य कळव. अडलेली गोष्ट तुझ्या घराला झेपेल अशा बेताने कशी हलकी करता येईल, याचा आपण दोघे मिळून विचार करू.

कळावे, अनेक आशीर्वाद.

तुझा,
मामा