अक्षरांचे वय

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. समजा, तेथील एका शाळेत स्नेहसंमेलनासाठी शिवकालीन नाटक बसवले जात आहे. पागोटी बांधून झाली, पुठ्ठ्याच्या ढाली रंगवून झाल्या. तालीम सुरू होते. जासूद धावत येतो, मुजरा करतो आणि किल्लेदाराच्या हाती खलिता देतो. किल्लेदार पत्र उलगडतो. ते संगणकावर छापलेले आहे. अक्षरे देवनागरी, शब्दाशब्दांत सारखे अंतर आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम! गुरुजी हसून विचारतात, “बाळांनो, हे पत्र कोणत्या छापखान्यातून आणले?” मुले एकमेकांकडे पाहू लागतात.

गुरुजींचा प्रश्न थट्टेचा वाटला, तरी त्यात मोठा अर्थ आहे. माणसाच्या पोशाखावरून जसा त्याचा काळ ओळखता येतो, तसा तो अक्षरांच्या वळणावरूनही ओळखता येतो. किल्लेदाराच्या मनगटावर घड्याळ दिसले, तर सारे प्रेक्षक हसतील. परंतु त्याच्या हातातील पत्र चुकीचे असले, तर ते बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सतराव्या शतकात महाराष्ट्रातील दरबारी पत्रव्यवहार मुख्यत्वे मोडी लिपीत चालत असे. लेखक बोरू शाईत बुडवी, प्रथम कागदावर आडवी रेघ ओढी आणि मग त्या रेघेखाली एकामागून एक अक्षरे लिहीत जाई. हात शक्य तितका कमी उचलावा लागावा, अशी ह्या लिपीची घडण होती. त्यामुळे लिहिण्याचा वेग वाढे. शब्द सुटे लिहिण्याची रीत नव्हती आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही सहसा पाळला जात नसे. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरील संस्कृत मजकूर मात्र देवनागरीत आहे. मोडी मजकुरावर देवनागरी मुद्रा असलेले पत्र रंगभूमीवर आले, तर ते त्या काळाशी इमान राखील.

मग त्या काळी छपाईची कला आपल्या देशात नव्हतीच काय? होती, गोव्यात १५५६ मध्येच छापखाना आला होता. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्याची भाषा मराठी, पण अक्षरे रोमन! ज्या १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्याच साली सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांच्या खटपटीमुळे एक इंग्रज मुद्रक मुंबईस आला. परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याचे काम त्याला साधले नाही.

मराठीला छापील रूप मिळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मराठी भाषेचे व्याकरण छापले. त्यात देवनागरी खिळे वापरले होते. १८१० मध्ये त्यांनी काढलेल्या कोशासाठी मात्र मोडीचे खिळे वापरण्यात आले. बाळशास्त्री जांभेकर यांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्याच्या पानावर एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस इंग्रजी मजकूर असे. त्याच सुमारास मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाचा छापखाना चालवला. शिळाछापाचा मजकूर हाताने लिहिलेल्या अक्षरांवरूनच उमटत असल्यामुळे त्या पुस्तकांचे पान पोथीसारखे दिसे.

खिळा घडवणे हे मोठ्या चिकाटीचे काम होते. पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करावयाचा आणि साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. इंग्रजीस थोडे खिळे पुरतात. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या व जोडाक्षरे ह्यांमुळे शेकडो खिळे लागत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तेथे राणोजी रावजी आरू यांनी कोरलेली अक्षरे इतकी डौलदार होती, की ‘निर्णयसागरी वळण’ हे सुंदर छपाईचे दुसरे नावच झाले.

पुढेही अक्षरांचे रूप बदलतच राहिले. विसाव्या शतकात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिसुधारणेचा पुरस्कार केला; त्या पद्धतीच्या छपाईत ‘इ’ऐवजी ‘अि’ आणि ‘उ’ऐवजी ‘अु’ आढळतो. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार दिसतात. १९३० सालच्या प्रसंगात एखादे पात्र वर्तमानपत्र वाचत असेल आणि त्यातील मथळ्यात हे अनुस्वार नसतील, तर जाणत्या वाचकास ते तत्काळ खटकेल.

चित्रपटात तर ही जबाबदारी अधिकच वाढते, कारण तेथे पत्राचा कागद सगळा पडदा व्यापू शकतो. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये दाखवला, तेव्हा चित्रपट मुका होता. कथा सांगण्यास पडद्यावरील अक्षरेच साहाय्य करीत. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके यांनी छपाईचा व्यवसाय केला होता, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या ह्या खटपटीवर २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट निघाला. असा काळ उभा करताना दुकानाची पाटी, भिंतीवरील जाहिरात आणि तिकीट ह्या साऱ्यांचे वळण त्या वर्षाचे असावे लागते.

एवढी काटेकोर काळजी कशासाठी, असे कोणी विचारील. पुष्कळ लोकांना गतकाळ भेटतो तो रंगमंचावर किंवा पडद्यावर. तेथे मोडी कधी दिसलीच नाही, तर ती लिपी होती हेही लोक विसरतील. जुन्या घरांतून अद्याप मोडी कागदांचे रुमाल सापडतात. ते ओळखणारा कोणी नसेल, तर शेताच्या हद्दी, देणी-घेणी आणि वाडवडिलांची नावे ज्यांत लिहिली आहेत, तेच कागद रद्दीत जातील.

आता ढाणकीच्या त्या तालमीकडे पुन्हा वळू. मुलांनी छापील पत्र बाजूस ठेवले आहे. एकाने गावातील वृद्धांकडे मोडीची चौकशी केली, दुसऱ्याने मोडीची बाराखडी मिळवली आणि तिसऱ्याने बोरू तासला. चार ओळी लिहिण्यास त्यांना दोन दिवस लागले. अक्षरेही वाकडीच आली. संमेलनाच्या रात्री किल्लेदाराने पत्र उलगडले, तेव्हा शेवटच्या रांगेत बसलेल्यांना ती अक्षरे दिसली नाहीत. परंतु किल्लेदाराला ती दिसत होती. पाठ केलेली वाक्ये म्हणण्याऐवजी त्या रात्री त्याने पत्र खरोखरच वाचले.

स्वाध्याय

१. गुरुजींनी विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ सांगा.
२. मोडी लेखनाची कोणती वैशिष्ट्ये पाठात आली आहेत?
३. खिळा कसा तयार करीत, ते क्रमाने लिहा.
४. ‘परंतु किल्लेदाराला ती दिसत होती’, ह्या वाक्याचा भाव स्पष्ट करा.
५. उपक्रम : घरातील किंवा ग्रंथालयातील १९६२ पूर्वीचे एक मराठी पुस्तक मिळवा. त्यातील अक्षरांत व शुद्धलेखनात आजच्यापेक्षा कोणते फरक दिसतात, त्यांची यादी करा.